ओल्या तुसातला परजीवी : कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचा आणि तिच्यावरील उपायांचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या पट्ट्यात पडणारा पाऊस तीन हजार मिलिमीटरची मर्यादा सहज ओलांडतो. या काळात तापमान बहुतांशी २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते, जांभ्याच्या भिंती ओल धरतात, आणि कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा शेडमध्ये अंथरलेले भाताचे तूस कितीही खालीवर केले तरी पुरते वाळत नाही. कोंबडीच्या आतड्यात वाढणारा आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी विष्ठेवाटे बाहेर पडल्यावर त्याला नेमके हेच तापमान, हीच ओल आणि मोकळ्या हवेतला प्राणवायू लागतो. हे तिन्ही मिळाले की एक-दोन दिवसांत तो दुसऱ्या कोंबडीला बाधण्याइतका तयार होतो. त्याच्यापासून होणाऱ्या रोगाला शास्त्रात कॉक्सिडिओसिस म्हणतात, आणि कुक्कुटपालक त्याला रक्ती हगवण या नावाने ओळखतात. या रोगावर गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जे उपाय पुढे आले त्यांतला सर्वांत अलीकडचा म्हणजे अब्जांश तंत्रज्ञान, अर्थात पदार्थाचे कण मीटरच्या अब्जाव्या भागात मोजता येतील इतके सूक्ष्म करून त्यांचा वापर करणे. या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात घडला, हे महाराष्ट्रात फारसे कोणाच्या ध्यानात नाही. आणि त्या टप्प्यातून जे हाती येईल ते कितपत उपयोगी आहे, हे देवरूखसारख्या ओल्या मुलखातच ठरणार आहे.

रोगाचा इतिहास सांगण्यापूर्वी कोंबडीच्या राहणीचा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण या रोगाच्या बाबतीत परजीवीपेक्षा कोंबडीच्या राहणीचा दोष मोठा आहे. देवरूखच्या पूर्वेला, मार्लेश्वरच्या आणि चांदोलीच्या बाजूला पसरलेल्या जंगलात करड्या रंगाचा रानकोंबडा आजही आढळतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग ठरवणारे जनुक सह्याद्रीतल्या या करड्या रानकोंबड्याच्या जातीकडून आले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात दिसून आले. रानातला पक्षी एका जागी फार काळ चरत नाही आणि स्वतःच्या विष्ठेवर दिवसेंदिवस उभा राहत नाही. कोकणातील गावठी कोंबडीही पुष्कळ अंशी तशीच राहिली: दिवसभर परड्यात, मांगराभोवती आणि शेणकीजवळ उकरत हिंडायचे, संध्याकाळी डालग्याखाली किंवा पडवीतल्या खुराड्यात यायचे. पाच-दहा कोंबड्या, एखादी खुडूक, तिची पिल्ले, आणि ग्रामदेवतेला किंवा राखणदाराला देण्यासाठी राखून ठेवलेला कोंबडा, एवढाच हा संसार असे.

अशा राहणीत आयमेरिया नव्हता असे मुळीच नाही. तो होता, परंतु पिलाच्या पोटात तो थोडाथोडा आणि पुन्हापुन्हा जात असे. या परजीवीचा एक गुण असा की ज्या जातीच्या आयमेरियाची सौम्य बाधा एकदा होऊन जाते, त्या जातीविरुद्ध कोंबडीच्या आतड्यात चांगली प्रतिकारशक्ती निर्माण होते. मात्र ती दुसऱ्या जातीविरुद्ध उपयोगी पडत नाही. कोंबडीला बाधणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती मानल्या जातात. त्यांतील आयमेरिया टेनेला ही आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद तोंडाच्या नळ्यांत, म्हणजे अंधांत्रांत, रक्तस्राव घडवते आणि सर्वांत भयंकर समजली जाते. परड्यात हिंडणाऱ्या तलंगीला, म्हणजे अंड्यावर येण्यापूर्वीच्या तरुण कोंबडीला, या जातींची ओळख हळूहळू होत असल्याने मोठी मर क्वचितच होई. कोकणातल्या बायकांना धास्ती असे ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत या विषाणुजन्य रोगाची, कारण तो आला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होई.

परजीवीचे पहिले दर्शन मात्र कोंबडीत झाले नाही. नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावचा कापडव्यापारी आन्तोनी फान लेवेनहूक याने १६७४ मध्ये स्वतः घासलेल्या भिंगांतून सशाच्या पित्तात काही अंडाकार पिंड पाहिले; आज ते सशाच्या यकृतातील आयमेरियाचे पिंड होते असे मानले जाते, आणि म्हणूनच मनुष्याने पाहिलेल्या पहिल्या एकपेशीय परजीवींत त्याची गणना होते. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे या निरीक्षणाचे काही झाले नाही. १८७५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एमे श्नायडर यांनी थिओडोर आयमर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून या कुळाला आयमेरिया हे नाव दिले, आणि १८९१ मध्ये राय्ये आणि ल्युसे या दोघा फ्रेंच पशुवैद्यकांनी कोंबडीच्या अंधांत्रातील जातीचे वर्णन केले. १९०० मध्ये फ्रित्स शाउडिन यांनी गोमेच्या आतड्यातील एका आयमेरियाचे संपूर्ण जीवनचक्र उलगडून दाखवले. ज्या काळात रोनाल्ड रॉस सिकंदराबादेत हिवतापाच्या परजीवीचा माग डासात काढत होते त्याच काळातले हे काम आहे, आणि ही जवळीक निव्वळ काळाची नाही: हिवतापाचा प्लास्मोडियम आणि कोंबडीचा आयमेरिया एकाच मोठ्या गटातले परजीवी आहेत, त्यामुळे एकावरचे औषध दुसऱ्यावर चालते का, हा प्रश्न पुढे वारंवार विचारला गेला.

याच वर्षांत पश्चिम भारतात पशुवैद्यकाचा पाया घातला जात होता. १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीच्या आधाराने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८८९ मध्ये पुण्यात विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, जी १८९३ मध्ये कुमाऊंमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. या संस्थांसमोरचे प्रश्न बुळकांडीचे, सर्रा या घोड्यांच्या आणि उंटांच्या रोगाचे, फाशीचे होते. लष्कराचा घोडा आणि शेतकऱ्याचा बैल यांच्यावर साम्राज्याचा महसूल व हालचाल अवलंबून असल्याने ते स्वाभाविकही होते. कोंबडीकडे पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. कोंबडी बहुधा बाईच्या, आणि तीही गरीब घरच्या बाईच्या मालकीची असे. तिच्या मरण्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे, आणि सरकारी विज्ञान दप्तरातल्या नोंदीच्या मागे चालत होते. १९२७-२८ च्या सुमारास राणीखेत रोग ओळखला गेला आणि १९४० च्या दशकात त्यावर मुक्तेश्वरला जिवंत लस तयार झाली, तेव्हा कुठे भारतीय प्रयोगशाळांनी कोंबडीच्या रोगाकडे पूर्ण लक्ष दिले.

अमेरिकेत परिस्थिती वेगळी होती, कारण तेथे कोंबडी परड्यातून उठून शेडमध्ये गेली होती. हार्वर्ड विद्यापीठातील अर्नेस्ट एडवर्ड टिझर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ अभ्यासात कोंबडीतील आयमेरियाच्या निरनिराळ्या जाती, त्यांच्या आतड्यातील जागा आणि त्यांच्यामुळे होणारी इजा वेगवेगळी करून दाखवली, आणि आजही या विषयाचे वर्गीकरण त्या अभ्यासावर उभे आहे. या जीवनचक्राचा तपशील नीट समजल्याशिवाय पुढच्या कोणत्याही औषधाचे यश किंवा अपयश समजत नाही, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने द्यावा लागतो.

बाधित कोंबडीच्या विष्ठेतून जो पिंड बाहेर पडतो त्याला ऊसिस्ट म्हणतात. टेनेलाचा ऊसिस्ट सुमारे २२ मायक्रॉन लांब असतो, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून किंचितच मोठा, आणि त्याला दुहेरी कवच असते. बाहेर पडताना तो निरुपद्रवी असतो. ओल, ऊब आणि प्राणवायू मिळाल्यावर त्याच्या आत चार कप्पे तयार होतात आणि प्रत्येक कप्प्यात दोन याप्रमाणे आठ सूक्ष्म जीव घडतात. या अवस्थेत तो पक्व झाला असे म्हणतात. पिलाने तूस उकरताना असा पिंड टिपला की तो पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या मांसल पिशवीत, चिरडला जातो, पुढे पित्त आणि ट्रिप्सिन या पाचकरसामुळे आतले जीव मोकळे होतात आणि अंधांत्राच्या अस्तरातील पेशींत शिरतात. तेथे एकाचे शेकडो होतात, ते पेशी फोडून नव्या पेशींत शिरतात, आणि दुसरी पिढी अस्तराच्या खोल थरात वाढत असल्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी ती फुटते तेव्हा रक्तवाहिन्या फाटून विष्ठेत रक्त दिसू लागते. सातव्या दिवसाच्या सुमारास लाखोंच्या संख्येने नवे ऊसिस्ट बाहेर पडू लागतात. म्हणजे रक्त दिसल्यावर औषध देणारा शेतकरी पाच दिवस उशिरा जागा झालेला असतो, आणि यात त्याची काही चूक नसते.

ऊसिस्टचे कवच हा या इतिहासातील खरा अडसर आहे. शेडमध्ये नेहमी वापरले जाणारे फिनेल किंवा क्लोरिनचे द्रावण त्याच्या आत पोचत नाही. त्याला मारतात ती तीव्र उष्णता, अमोनिया आणि कोरडेपणा. पहिल्या दोन गोष्टी चालत्या शेडमध्ये कोंबड्यांनाच घातक ठरतात, आणि तिसरी, म्हणजे कोरडेपणा, आषाढात देवरूखला मिळत नाही.

औषधांचे युग सुरू झाले ते माणसांसाठी निघालेल्या औषधांतून. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी सल्फा गटातील पहिले औषध जगापुढे आणले, आणि १९३९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील फिलिप लेव्हाइन यांनी सल्फानिलामाइडचा कोंबडीच्या कॉक्सिडिओसिसवर परिणाम होतो हे दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिवतापावरील औषधांचा शोध चालू असताना अमेरिकेतील मर्क कंपनीत सल्फाक्विनॉक्सालिन हे रसायन तयार झाले. माणसाला ते झेपणारे ठरले नाही, परंतु कोंबडीतील आयमेरियावर ते प्रभावी होते, आणि १९४८ मध्ये ते खाद्यात कायम मिसळण्यासाठी बाजारात आले. रोगी कोंबडीला औषध देण्याऐवजी निरोगी कोंबडीच्या रोजच्या खाद्यात अल्प प्रमाणात औषध घालत राहायचे, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. लाखभर पक्षी एका छताखाली ठेवणारा आधुनिक ब्रॉयलर धंदा तिच्याशिवाय उभा राहिला नसता.

१९६० मध्ये आलेल्या अँप्रोलियमचे काम मोठे सुबक आहे. त्याची रचना ब-१ या जीवनसत्त्वाशी, म्हणजे थायमिनशी, मिळतीजुळती असल्याने परजीवी थायमिनऐवजी तेच आत घेऊ पाहतो आणि उपाशी मरतो. कोंबडीला त्याची बाधा त्या मानाने फार कमी होते. कोकणातील कुक्कुटपालकाला आजही हे औषध पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीच्या रूपात ठाऊक आहे. १९६७ मध्ये मोनेन्सिन हे एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून मिळालेले रसायन उजेडात आले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला कोंबडीसाठी मान्यता मिळाली. ते सोडियमचे आयन परजीवीच्या पटलातून आत वाहून नेते, त्यामुळे परजीवीत पाणी शिरून तो फुगतो व फुटतो. या गटातील औषधांविरुद्ध परजीवी फार हळूहळू तयार झाला, म्हणूनच ती अर्धे शतक टिकली. मात्र हेच मोनेन्सिन घोड्याने थोड्या प्रमाणातही खाल्ले तर तो मरू शकतो, यावरून त्याचा जोर कळतो.

भारतात हे युग काही वर्षांच्या अंतराने आले आणि त्याचे केंद्र महाराष्ट्राकडे सरकले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने ठिकठिकाणी प्रादेशिक कुक्कुट प्रक्षेत्रे उभारली, त्यांतले एक मुंबईत आरे वसाहतीत होते. राज्य सरकारच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून सुधारित जातींची पिल्ले जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊ लागली. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत स्थापन केलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज पुढे पुण्यात केंद्रित झाली आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अंड्यांचा भाव ठरवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ब्रॉयलरची एका दिवसाची पिल्ले, तयार खाद्य आणि औषध हे तिन्ही कंपनीने द्यायचे आणि शेतकऱ्याने शेड व मेहनत द्यायची, अशी करार पद्धत घाटावर रुजली आणि नंतर आंबा घाटातून कोकणातही उतरली. जमिनीवर भाताच्या तुसाची चार-सहा इंचांची गादी अंथरून तिच्यावर हजारो पिल्ले वाढवायची, या पद्धतीत पिलू आणि त्याची विष्ठा सहा आठवडे एकमेकांपासून दूर होत नाहीत. परड्यात थोडाथोडा मिळणारा आयमेरिया येथे एकदम मोठ्या मात्रेने मिळतो, आणि तोही तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, जेव्हा पिलाला त्याची पूर्वओळख नसते. २००३-०४ या वर्षासाठी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाने या रोगामुळे देशातील कुक्कुट व्यवसायाचे सुमारे ११४ कोटी रुपयांचे नुकसान होते असा अंदाज मांडला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वाटा व्यापारी ब्रॉयलरचा होता. मेलेल्या पक्ष्यांपेक्षा न वाढलेल्या वजनामुळे होणारे नुकसान त्यात फार मोठे आहे. जगभराचा अंदाज २०२० मध्ये ब्रिटनमधील डॅमियन ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या किमतींनुसार वर्षाला सुमारे १०.४ अब्ज पौंड एवढा दिला.

रसायनांना पर्याय म्हणून लसही पुढे आली. अलाबामातील सॅम्युअल एडगर यांनी जिवंत ऊसिस्टची मोजकी मात्रा पाजण्याची लस १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस बाजारात आणली. परड्यात जे आपोआप घडत होते तेच तिने हिशेबाने घडवले. १९७५ मध्ये टी. के. जेफर्स यांनी टेनेलाच्या लवकर पिकणाऱ्या, म्हणून कमी पिढ्या वाढवणाऱ्या आणि कमी इजा करणाऱ्या वाणाची निवड करून दाखवली, आणि १९९० च्या आसपास युरोपात अशा सौम्य वाणांच्या लसी वापरात आल्या. त्या चांगल्या आहेत, पण जिवंत कोंबड्यांतच वाढवाव्या लागत असल्याने महाग पडतात, आणि थोड्या पक्ष्यांच्या मालकापर्यंत त्या पोचत नाहीत. औषधे स्वस्त, परंतु त्यांना परजीवी सरावतो. लस खात्रीची, परंतु महाग: या कोंडीत विसावे शतक संपले.

अब्जांश तंत्रज्ञानाची कथा आतापर्यंत वेगळ्याच वाटेने चालली होती. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे इतके बारीक कण तयार केले की द्रावणाचा रंग पिवळा न राहता माणकासारखा लाल झाला. १९५९ च्या डिसेंबरमध्ये रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानात अणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याची शक्यता मांडली, आणि १९७४ मध्ये जपानी अभियंते नोरिओ तानिगुची यांनी या क्षेत्राला नाव दिले. एक ते शंभर नॅनोमीटर आकाराच्या कणांचे वैशिष्ट्य असे की त्यांच्या आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो, त्यामुळे तोच पदार्थ वेगळा वागू लागतो. चांदीचे जंतुनाशक गुण जुन्या वैद्यकाला ठाऊक होतेच. कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या दशकात नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत रूढ केली आणि असंख्य मुलांची दृष्टी वाचवली. चांदी अब्जांश कणांच्या रूपात असली की ती आयन सावकाश सोडत राहते आणि जंतूच्या पेशीत प्राणवायूचे विघातक रेणू तयार करते.

अडचण होती ती हे कण तयार करण्याची, कारण त्यासाठी लागणारी रसायने बहुधा विषारी असत, आणि जे खाद्यात घालायचे आहे ते विषारी द्रावणातून काढणे कोणालाच रुचणारे नव्हते. येथे पुण्याचे काम येते. पाषाण मार्गावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिचे उद्घाटन १९५० च्या जानेवारीत झाले, मुरली शास्त्री, अब्सार अहमद, एस. शिवशंकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ पासून प्रथम बुरशीच्या आणि मग वनस्पतींच्या पानांच्या साहाय्याने सोन्याचांदीचे अब्जांश कण घडवण्याच्या पद्धती शोधल्या. २००३ मध्ये त्यांनी जिरेनियमच्या पानांच्या अर्कातून चांदीचे कण मिळवले. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे व चांदीचे कण काही तासांत तयार होतात हे प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळाल्याचे त्यांचे काम जगभर गाजले. पानांतील द्रव्ये धातूच्या आयनांचे कण बनवतात आणि त्यांच्याभोवती आवरण होऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, एवढी ही साधी आणि विलक्षण गोष्ट आहे. प्रत्येक कोकणी परसात उगवणारी गवती चहाची जुडी त्या संशोधनाच्या केंद्रस्थानी होती, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे हे काम आहे. त्याच दशकात अमरावती विद्यापीठात महेंद्र राय आणि त्यांचे सहकारी बुरशीपासून चांदीचे कण बनवून त्यांचे जंतुविरोधी गुण तपासत होते. २००९ मध्ये त्यांनी चांदीच्या अब्जांश कणांविषयी लिहिलेला आढावा या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वाचला गेला. २००७ मध्ये भारत सरकारने नॅनो मिशन सुरू केल्याने अशा कामांना पैसाही मिळाला.

या दोन वाटा कॉक्सिडिओसिसवर येऊन मिळाल्या त्या २०१० नंतर. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चौके आणि सीब्रिट्स यांनी ब्रॉयलरमध्ये चांदीचे अब्जांश कण कॉक्सिडिओसिस रोखणारे द्रव्य म्हणून वापरता येतील का, याचा प्रयोग प्रसिद्ध केला. रियाधच्या किंग सौद विद्यापीठात मोहम्मद दखिल आणि सालेह अल-कुरैशी यांच्या गटाने झिंक ऑक्साइडचे आणि सेलेनियमचे अब्जांश कण तपासले. झिंकच्या कणांमुळे ऊसिस्टची संख्या आणि आतड्याची इजा कमी झाल्याचे त्यांनी २०१५ मध्ये नोंदवले. परंतु ते प्रयोग उंदरांना होणाऱ्या आयमेरिया पॅपिलाटा या जातीवर होते, कोंबडीच्या टेनेलावर नव्हते. बातम्यांतून हा फरक गळून पडतो आणि उंदरातल्या निष्कर्षावर कोंबडीचे औषध विकले जाण्याची वाट मोकळी होते, म्हणून तो ठामपणे सांगणे आवश्यक आहे.

वीस नॅनोमीटरचा कण टेनेलाच्या ऊसिस्टच्या सुमारे हजारावा भाग असतो, म्हणून तो कवचातून आत शिरेल आणि जे फिनेलला जमले नाही ते करून दाखवेल, ही या संशोधनामागची मोठी आशा. प्रयोगशाळेतील बशीत ऊसिस्ट आणि कण एकत्र ठेवल्यावर अनेक ठिकाणी तसे काही घडलेही आहे. पण तूस, विष्ठा आणि सांडलेले खाद्य यांच्या मिश्रणात कण मोकळे राहत नाहीत. ते सेंद्रिय पदार्थांना चिकटून निष्क्रिय होतात. शिवाय चांदी शरीरात गेल्यावर यकृतात साठू शकते, आणि शेडमधले तूस शेवटी शेतात खत म्हणून जाते. देवरूखच्या परिसरात कोंबडीखताला भातशेतीत आणि आंब्या-काजूच्या बागांत मागणी आहे. धातूचे कण त्या वाटेने जमिनीत आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यांत जातील, याचा विचार आधी व्हायला हवा. युरोपीय संघाने डुकरांच्या पिल्लांच्या खाद्यात औषध म्हणून घातल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रेवर २०२२ च्या जूनपासून बंदी घातली, आणि त्यामागे जमिनीत झिंक साठण्याची भीती हे एक प्रमुख कारण होते.

त्यामुळे या तंत्राचा अधिक भरवशाचा उपयोग परजीवीला थेट मारण्यापेक्षा योग्य वस्तू योग्य जागी नेऊन पोचवण्यात आहे. ओव्यातील थायमॉल हे द्रव्य आयमेरियावर काही प्रमाणात परिणाम करते, पण ते उडून जाते आणि आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते, अंधांत्रापर्यंत पोचत नाही. हळदीतील कर्क्युमिनची अडचण अशी की ते पाण्यात विरघळत नाही. अशी द्रव्ये अब्जांश आकाराच्या वेष्टनात बंद केली तर ती टेनेला जिथे राहते तिथपर्यंत नेता येतात. चीनमध्ये नानजिंग कृषी विद्यापीठातील संशोधकांनी टेनेलाच्या एका प्रतिजनाचे, म्हणजे कोंबडीच्या शरीराला परजीवीची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाचे, जनुक पीएलजीए आणि कायटोसान यांच्या अब्जांश गोलकांत भरून लस म्हणून वापरून पाहिले आहे. पीएलजीए हे शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरले जाणारे बहुवारिक आहे, आणि कायटोसान मिळते ते कोळंबीच्या व खेकड्याच्या कवचांपासून. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या कोळंबीची टरफले ज्या किनाऱ्यावर टाकून दिली जातात, त्याच किनाऱ्यापासून काही कोसांवर ज्या रोगाने पिल्ले मरतात, त्या रोगावरील लसीचा कच्चा माल त्यात आहे. या दोन्हींची सांगड घालण्याचे काम कोकणातील विद्यापीठाने, म्हणजे १९७२ मध्ये दापोलीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, आणि राज्याच्या पशुवैद्यक विद्यापीठाने हाती घ्यावे असे ते आहे. अशी लस जिवंत कोंबड्यांत वाढवावी लागणार नाही, म्हणून ती स्वस्त पडण्याची शक्यता आहे, आणि तिच्यातील वेष्टन विरघळून जात असल्याने जमिनीत काही साठत नाही.

नियमांची चौकटही तयार होते आहे. २०१९ मध्ये भारताने कोलिस्टिन या अखेरच्या फळीतील प्रतिजैविकाचा पशुखाद्यात वापर बंद केला, आणि २०२० च्या जुलैमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने अब्जांश कृषी-निविष्ठा आणि खाद्यपदार्थ यांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, ज्यांत कणांचा आकार, विषारीपणा आणि पर्यावरणातील परिणाम तपासण्याची अपेक्षा आहे.

देवरूखच्या संदर्भात या साऱ्याचा विचार करताना गावाचा आणखी एक वारसा ध्यानात घ्यावा लागतो. १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी येथे दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मातृमंदिर ही संस्था सुरू केली, आणि खेड्यातील बाईचे व मुलाचे आरोग्य हा सार्वजनिक कामाचा विषय आहे हे या तालुक्याने तेव्हापासून मान्य केले. परड्यातील पाच-दहा कोंबड्या हे त्या बाईचे अंड्याचे आणि हातखर्चाचे साधन आहे, म्हणून तिच्यासाठी निघणारे औषध कंपनीच्या शेडसाठी निघणाऱ्या औषधाहून वेगळे असावे लागेल: एकदाच द्यायचे, फ्रीजशिवाय टिकणारे आणि दहा पिल्लांच्या मापात मिळणारे. आजवर प्रसिद्ध झालेले बहुतेक प्रयोग तारेच्या स्वच्छ पिंजऱ्यात, एका ठरलेल्या दिवशी ऊसिस्टची मोजलेली मात्रा पाजून झालेले आहेत. जुलैमध्ये, बाजूला ताडपत्री बांधलेल्या शेडमध्ये, सहा आठवडे न बदललेल्या ओल्या तुसावर आणि रोजच्या रोज नव्या बाधेसमोर हे कण किंवा या लसी कशा टिकतात, याची तपासणी कोकणातच करावी लागेल. ती होईपर्यंत येथील कुक्कुटपालकाच्या हाती आहे ते गादी दिवसातून दोनदा खालीवर करणे, तुसात चुना मिसळणे, पाण्याची भांडी सांडणार नाहीत अशा उंचीवर टांगणे, पिल्लांची गर्दी टाळणे आणि विष्ठेत रक्ताचा पहिला अंश दिसताच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम देणे.